ड्रोन उडविण्याआधी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर, सेक्टर ६, भिलाई)



मंडळाने मला 'तांत्रिक, पण सर्वांना समजेल' अशा विषयावर बोलायला सांगितले. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनीअर. विमानाशी माझा संबंध तिकिटापुरता. तरीही ड्रोन हा विषय घेतला, कारण अलीकडे दर वर्षी उत्सवाच्या बैठकीत एकच प्रश्न निघतो: विसर्जनाच्या मिरवणुकीचे शूटिंग ड्रोनने करायचे का? तरुण मंडळी म्हणतात, करूच या. ज्येष्ठ म्हणतात, पोलिसांची भानगड नको. नियम नेमके काय आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ते आधी पाहू आणि मग आपल्या मिरवणुकीकडे वळू.

आपल्याकडे ड्रोनची पहिली मोठी चर्चा झाली ती मुंबईत. मे २०१४ मध्ये तिथल्या एका पिझ्झा दुकानाने ड्रोनने पिझ्झा एका उंच इमारतीच्या गच्चीवर पोहोचविला. लोकांना गंमत वाटली, पोलिसांनी चौकशी सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम तयार होईपर्यंत खासगी लोकांनी ड्रोन उडवूच नयेत असे जाहीर केले. पहिले सविस्तर नियम १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. ते फार किचकट होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुटसुटीत 'ड्रोन नियम, २०२१' आले. पंचवीस फॉर्मचे पाच झाले आणि बहात्तर प्रकारच्या फीचे चार.

या नियमांत ड्रोनची वर्गवारी वजनावर आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो', त्यापुढे २५ किलोपर्यंतचा 'स्मॉल'. बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन का दिसतात, याचे उत्तर यातच आहे. अनेक देशांत २५० ग्रॅमची रेघ आखलेली आहे आणि कंपन्या बरोबर तिच्या अलीकडे थांबतात. ड्रोनची नोंदणी करून यूआयएन हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनोसाठी पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतचा ड्रोन निव्वळ हौसेखातर उडवत असाल तरी लागत नाही. मात्र तोच मायक्रो ड्रोन पैसे घेऊन लग्नाच्या किंवा मिरवणुकीच्या शूटिंगला वापरला की तो व्यवसाय झाला, आणि प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण हवे. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा नॅनो सोडून सर्वांना सक्तीचा आहे. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघात झाला तर ४८ तासांत कळवावे लागते.

आता रंगांचा विषय. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने देशाचा हवाई नकाशा 'डिजिटल स्काय' वर उपलब्ध करून दिला. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे आहेत. इथे आम्हा रेल्वेवाल्यांचा हमखास गोंधळ होतो. आमच्याकडे पिवळा सिग्नल म्हणजे पुढे जा, पण सावधपणे. ड्रोनच्या नकाशात पिवळा म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हातात येईपर्यंत जागचे हलायचे नाही. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच चालत नाही. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, हवाई खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत हिरवा पट्टा नाहीच. हे रंग वजन पाहत नाहीत. २४९ ग्रॅमच्या ड्रोनलाही तेच लागू आहेत.

आपल्यापैकी बरीच कुटुंबे मूळची विदर्भातली. सुटीत नागपूरला गेल्यावर नातवंडे गच्चीवरून ड्रोन उडवायला निघाली, तर लक्षात ठेवा की तिथला विमानतळ सोनेगावला, वस्तीला लागूनच आहे. खामला, प्रतापनगर, मनीषनगर हा सगळा भाग जवळ येतो. मुंबईत तर पोलीस आयुक्तालय ड्रोन, पॅराग्लायडर, फुगे यांवर बंदीचे आदेश वारंवार काढत असते. पनवेल-उलव्याकडे नातेवाईक असतील तर तिथेही जुना अनुभव उपयोगाचा नाही, कारण ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आणि नौदलाने २०२१ मध्ये आपल्या तळांभोवतीचे ३ किलोमीटरचे क्षेत्र ड्रोनसाठी निषिद्ध जाहीर केले. रायगड किंवा जंजिऱ्याला जाणार असाल, तर तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

आता आपली भिलाई. रायपूरचा विमानतळ मानाला आहे, आपल्यापासून १२ किलोमीटरच्या पुष्कळ पलीकडे. म्हणून कोणी म्हणेल की आपल्याला मोकळे रान आहे. तसे नाही. आपले गाव ज्या कारखान्याभोवती वसले, तो देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि त्याच्या संरक्षणाला सीआयएसएफ आहे. १९५९ मध्ये पहिली धमन भट्टी पेटली तेव्हापासून या कारखान्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि वरून त्याचा फोटो घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोनचे थवे आले. तेव्हापासून अशा ठिकाणाजवळ दिसणारा प्रत्येक अनोळखी ड्रोन आधी शत्रूचा समजला जातो आणि चौकशी मागाहून होते. पहारेकऱ्याला खालून आपला नातू दिसत नाही, त्याला फक्त ड्रोन दिसतो. म्हणून कारखान्याच्या दिशेने ड्रोन नेऊच नका.

रेल्वेचेही तेच. चरोद्याच्या यार्डावर २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत. ड्रोन तारेवर अडकला तर तो काठीने काढायला जाणारा माणूस जिवाला मुकेल. तारांचा प्रवाह बंद करून, दोन्ही बाजूंना अर्थिंग करूनच त्याला हात लावता येतो, आणि तेवढा वेळ गाड्या उभ्या राहतात. रेल्वे स्वतः ड्रोन वापरते. २०२० मध्ये आरपीएफने मुंबईच्या वाडीबंदर यार्डात ड्रोनच्या मदतीने एकाला चोरीच्या प्रयत्नात पकडले. म्हणजे यंत्र वाईट नाही. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली. पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि लोकांना स्वतःच्या घराच्या जागेचा कागद मिळू लागला. तिथे गावाला आधी सांगितले होते, चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, कोण येणार आणि काय मोजणार हे सर्वांना ठाऊक होते.

याच्या उलट प्रकार २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला झाला. त्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले. चोर टेहळणी करतात अशी चर्चा पसरली आणि लोक रात्र रात्र जागले. एकाच जिल्ह्यातले हे दोन अनुभव. फरक एवढाच की एका ठिकाणी खालच्या माणसाला ड्रोन कोणाचा हे माहीत होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते.

आज मला जे सांगायचे आहे ते हेच. हिरवा पट्टा फक्त हवेची परवानगी देतो. खाली राहणाऱ्या माणसांची परवानगी त्यात येत नाही, ती आपल्यालाच घ्यावी लागते. रेल्वेत रुळावर काम करायचे तर आम्ही आधी ब्लॉक घेतो. कंट्रोलशी बोलणे होते, स्टेशन मास्तरकडून प्रायव्हेट नंबर मिळतो, झेंडी आणि शिट्टी घेतलेला लुकआउट मॅन उभा राहतो, तेव्हा कुठे पहार रुळाला लागते. गाडी येताना दिसत नाही म्हणून कोणी रुळावर बसत नाही. आकाश रिकामे दिसते म्हणून ड्रोन सोडणे हे तसेच आहे.

खालच्या माणसाला दोन गोष्टींची भीती असते. पहिली डोक्याची. थोडा हिशेब करू. ९०० ग्रॅमचा ड्रोन ३० मीटरवरून पडला, तर हवेचा विरोध सोडून त्याची ऊर्जा सुमारे २६५ ज्यूल होते. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल असते. हवेच्या विरोधामुळे ड्रोनची ऊर्जा निम्मी झाली असे धरले, तरी तो चेंडू हेल्मेट न घातलेल्या माणसाच्या डोक्यावर बसतो, आणि त्या चेंडूला फिरती पाती असतात. मिरवणुकीत हा धोका वाढतो. शेकडो मोबाइल आणि वायफाय चालू असतात, त्याच लहरींवर ड्रोनचा रिमोट चालतो आणि संपर्क तुटू शकतो. लोखंडी ट्रॉली व मंडपाचा सांगाडा जवळ असला की ड्रोनचे होकायंत्र बिघडते. भाद्रपदातला पाऊस केव्हा येईल सांगता येत नाही. बॅटरी जेमतेम अर्धा तास पुरते. संपर्क तुटल्यावर ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवरून परत येतो, आणि ती उंची झाडांपेक्षा, विजेच्या तारांपेक्षा कमी ठेवली असेल तर तो त्यांवर आदळतो.

ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणे किती महत्त्वाचे, हे जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला दिसले. तिथल्या मोठ्या वणव्याचे दृश्य पाहायला एका माणसाने ड्रोन दोन किलोमीटरहून दूर नेला. तो त्याच्या नजरेबाहेर गेला आणि आग विझविणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडून गेला. विमान काही दिवस जमिनीवर राहिले. आपली मुले-मुली तिकडे आहेत, ज्यांची घरे वाचवायला असे विमान उडते, त्यांत उद्या आपलेही कोणी असू शकते.

दुसरी भीती अंगणाची. टाउनशिपमधले आपले क्वार्टर, मागचे अंगण, वाळत घातलेले कपडे, उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेल्या गाद्या. भिंत आहे म्हणून बायका मोकळेपणी वावरतात. ड्रोनला भिंत नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची कैद आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी शेजारच्या वहिनींनी ड्रोनचा आवाज ऐकून आत पळावे, हे आपल्या सेक्टरला शोभणारे नाही.

परदेशातील मुलांनाही एक निरोप द्या. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसाठी काही सवलती आहेत, हौसेसाठी नाहीत. दिवाळीला येताना 'बाबांसाठी सरप्राइज' म्हणून बॅगेत ड्रोन टाकला, तर तो कस्टम्समध्येच राहील. चॉकलेट आणलेले बरे.

आता आपल्या मिरवणुकीचे. माझी सूचना अशी की शूटिंगवाल्याला ठरविण्याआधी कार्यकारिणीने त्याच्याकडे पाच गोष्टी मागाव्यात: ड्रोनचा यूआयएन, उडविणाऱ्याचे प्रमाणपत्र, विम्याचा कागद, त्या दिवशीचा हवाई नकाशा आणि स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी संमती. पोलिसांना ठराविक भागात तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो, म्हणून नकाशा आदल्या दिवशीचा चालत नाही. 'सगळीकडे असेच चालते' असे उत्तर आले, तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. सर्व कागद असले तरी ड्रोन लोकांच्या डोक्यावरून नेऊ नये. मिरवणूक निघण्यापूर्वी, उजेड असताना, मोकळ्या मैदानाच्या बाजूने मंडप आणि मूर्ती टिपावी. उडविणाऱ्याजवळ आपला एक माणूस लुकआउट मॅन म्हणून उभा करावा, कारण उडविणाऱ्याचे लक्ष पडद्यावर असते. आसपासच्या घरांना वेळ आधी सांगावी. आणि शिवनाथच्या घाटावर अंधारात, गर्दीत, पाण्यावर ड्रोन नको. तिथे पोहणारे आणि दोर धरणारे यांचे लक्ष वर जाता कामा नये.

कागद पूर्ण नसतील, तर एखाद्या दुमजली क्वार्टरच्या गच्चीवरून साध्या कॅमेऱ्याने शूटिंग करावे. लेझीमचे पथक त्यातही छान दिसते, आणि चेहरे ओळखू येतात. ड्रोनमधून सगळ्यांच्या टोप्याच दिसतात.

शेवटी तरुणांना सांगतो, ही हौस सोडू नका. पायलटचे प्रमाणपत्र घ्या, त्यात रोजगारही आहे. शेतीच्या फवारणीला, मोजणीला, पुलांच्या तपासणीला माणसे लागणार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही प्रसिद्ध झाला. नियम बदलत राहतात, म्हणून मी सांगितलेले पाठ करू नका, उडविण्याच्या दिवशी स्वतः पाहा. आणि यंदा मिरवणुकीत कोणी ड्रोन घेऊन आला, तर त्याला हटकायला संकोच करू नका. कागद मागणे हा अपमान नाही. रेल्वेत आम्ही अधिकाऱ्यालाही ब्लॉकचा नंबर विचारतो.



गणपती बाप्पा मोरया!