आजारी आईबापांची शहाणी मुलं



परळच्या टाटा हॉस्पिटलच्या परिसरात केव्हाही गेलात, तरी तोंडाला मास्क लावून टेकलेली आई किंवा वडील दिसतात आणि शेजारी फाइल सांभाळत उभं असलेलं चौदा-पंधरा वर्षांचं पोर दिसतं. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात. पेशंटची चौकशी होते, सोबतच्या मोठ्या माणसालाही कोणी चहा विचारतं. त्या फाइलवाल्या पोराला मात्र कोणी काही विचारत नाही. मी कर्करुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करते, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

फाइल त्याच्याकडे असते, कारण पुष्कळ घरांत इंग्रजी वाचता येणारं आणि मोबाइलवर भराभर बोटं चालणारं तेवढंच एक माणूस असतं. नंबर लावायचा, रिपोर्ट डाउनलोड करायचा, योजनेचे कागद जोडायचे, सगळं तेच करतं. आणि त्याच घरात काका-मामा बसून ठरवतात, "पोरांना काही कळू द्यायचं नाही."

सातारा जिल्ह्यातल्या, नववीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट तिने घरच्यांना दाखवण्याआधी स्वतः वाचला, एकेक शब्द मोबाइलवर टाकून. 'मेटास्टॅटिक' म्हणजे आजार शरीरात दुसरीकडे पसरला आहे, हे तिला मागच्या खोलीत, एकटीला कळलं. संध्याकाळी मामा म्हणाले, "काही नाही गं, गाठ आहे, काढली की झालं." तिने मान डोलावली. मामांना वाटलं आपण तिला सांभाळलं. तिला वाटलं आता आपण मामांना सांभाळायचं. मग पहाटे पाणी भरणं, धाकट्याचा डबा, केमोनंतर आईला उलटी झाली की भांडं धरणं. येणारा-जाणारा म्हणे, "पोरगी फार समजूतदार हो!" या कौतुकानंतर रडायची सोय उरत नाही. तिची पाळी लांबली, डोकं सतत दुखू लागलं, शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर आली. अशक्तपणा असेल म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. घरी आई कशी आहे, हे कोणी विचारलं नाही.

मनावरचा ताण या वयात असा अंगावर निघतो. झोप उडते, पोट दुखतं, भूक मरते किंवा खा-खा सुटते, पाठ केलेलं पेपरात आठवत नाही. मुलगे बहुधा चिडचिड करतात, घराबाहेर राहतात आणि आपण त्यांना 'वाया गेलेला' म्हणून मोकळे होतो. वडील अंथरुणाला खिळले की गॅरेजवर किंवा दुकानात कामाला लागतो तोही बहुतेक वेळा थोरला मुलगाच. या वयाला घरापासून जरा लांब जायचं असतं, मित्रांत रमायचं असतं. नेमकं तेव्हाच आजार त्याला घरात खेचून घेतो. मुलाला या आजाराचा राग येतो, आणि आजारी आईचा राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटते. शिवाय मुलींच्या मनात एक प्रश्न असतो, "मलाही होईल का?" स्तनाच्या कर्करोगात थेट आनुवंशिक कारण साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच असतं. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितलं तर कितीतरी रात्रींची झोप वाचेल.

मुलांना सांगा, हे माझं ठाम मत आहे. आजाराचं नाव सांगा, उपचार काय आहेत ते सांगा, घरात उद्यापासून काय बदलणार ते सांगा. आई बरी होईलच असं वचन देऊ नका. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, हे मात्र आवर्जून सांगा. आणि पोराची कबड्डीची प्रॅक्टिस चालू राहू द्या. सगळीच मुलं यात मोडत नाहीत. ज्यांना खरं माहीत असतं, ज्यांची शाळा आणि सवंगडी सुटत नाहीत, ज्यांना हक्काने बोलता येईल असं एक मोठं माणूस असतं, ती पुष्कळदा नीट तरतात.

नॉर्वेने मुलांना सांगण्या-सांभाळण्याचं हे काम कायद्यातच घातलं. १ जानेवारी २०१० पासून तिथे गंभीर आजार, मनोविकार किंवा व्यसनावर उपचार घेणाऱ्या रुग्णाला लहान मुलं आहेत का, हे बघणं आणि त्यांना लागेल ती माहिती व आधार मिळतो की नाही याची काळजी घेणं, ही आरोग्य कर्मचाऱ्यांची जबाबदारी आहे. आपल्याकडे २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मानसिक आरोग्यही येतं. पण मूल स्वतःहून तिथपर्यंत पोचेल, ही अपेक्षा फार मोठी आहे. केसपेपरवर रुग्णाचं वय, पत्ता, रक्तगट लिहितो, तिथे आणखी एक ओळ घाला: घरात अठरा वर्षांखालची मुलं किती, आणि त्यांना आजार सांगितला आहे का? याला पैसा लागत नाही.

इथे शिक्षक बसले आहेत, डॉक्टर आहेत, शेजारधर्म पाळणारी माणसं आहेत. तुमच्या गल्लीत असं घर असेल तर तिथे डबा घेऊन जाल तेव्हा पोराशी दहा मिनिटं वेगळं बोला. परवानगी घेऊन त्याच्या वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेर वाटलं, तर केंद्र सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आत्ताच लिहून घ्या.