रेघ ओढण्याचा अधिकार कोणाचा?

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत एका तरुणाने उभे राहून विचारले होते, “आपली सोयरीक काटोल-नरखेडला, दवाखाना नागपूरला, घरची भाषा मराठी. मग पांढुर्णा आणि सौंसरने मध्य प्रदेशातून बाहेर पडण्याचा ठराव का करू नये?” टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून लगेच कोणी म्हणाले, हा फुटीरपणा झाला. त्या दिवशी वेळ संपली होती, उत्तर राहून गेले. टाळ्या वाजवणारे आणि फुटीर म्हणणारे दोघेही आपलेच. दोघांनाही आज उत्तर देण्याचा आमचा विचार आहे.

आधी फुटीरपणाचे पाहू, कारण ते लवकर आटोपते. देशातून फुटणे वेगळे आणि देशात राहून राज्याची हद्द बदलून मागणे वेगळे. पहिल्याला आपल्या घटनेत जागाच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत घटनेचा मसुदा मांडताना हे स्पष्ट केले होते : आपला संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून निघण्याचा हक्क नाही. पुढे मद्रासकडे द्रविडनाडूची मागणी झाली, तेव्हा १९६३ साली सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि निवडणूक लढवणाऱ्याला देशाची सार्वभौमता आणि अखंडता राखण्याची शपथ घेणे आले. दुसऱ्या मागणीचे तसे नाही. विदर्भ मागणारे लोकनायक बापूजी अणे फुटीर नव्हते. १९५५ साली भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात महाराष्ट्राचेच चार भाग सुचवणारे बाबासाहेबही फुटीर नव्हते. तेव्हा त्या तरुणाला कोणी फुटीर म्हणू नये.

पण त्याच्या प्रश्नातला ‘ठराव’ हा शब्द मात्र आम्हाला अडवतो. ठराव कोणी करायचा, आणि त्याने होणार काय?

आपण येथे कसे आलो हे नव्या पिढीला नीट माहीत नसते. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरचे मराठी लोक शिंदे-होळकरांबरोबर तिकडे गेले. आपण कोठे गेलो नाही. सिल्लेवानीचा घाट उतरला की खालचा मुलूख हा नागपूरच्या मैदानाचाच वरचा पदर. देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ नंतर इंग्रजांचा, १८६१ पासून मध्य प्रांताचा. भोसल्यांच्या काळापासून आपली राजधानी कोणती? नागपूर. अगदी ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली विधानसभा नागपूरला, सचिवालय नागपूरला, १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालयही नागपूरला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानी भोपाळ आणि उच्च न्यायालय जबलपूर. आपल्या वावराचा धुरा जागचा हलला नाही, विहीर हलली नाही. पण पलीकडच्या सोयऱ्याच्या हाती सातबारा आणि आपल्या हाती खसरा-खतौनी, असे झाले.

हे कोणी केले? मध्य प्रदेशाने आपल्याला ओढून घेतले असे म्हणणारे बरेच आहेत. ते बरोबर नाही. नागपूरचे जुने राज्य काय किंवा भोपाळचे नवे राज्य काय, कोणालाही ही रेघ ओढण्याचा अधिकार नव्हता. रेघ संसदेने ओढली.

घटनेचा तिसरा अनुच्छेद वाचून पाहा. नवे राज्य करणे, राज्याचा भाग तोडणे, जोडणे, हद्द किंवा नाव बदलणे हे सर्व संसद साध्या बहुमताने करू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, संबंधित राज्याच्या विधानसभेला मत विचारले जाते, पण ते मत बंधनकारक नाही. आणि मत किती दिवसांत द्यायचे तेही राष्ट्रपतीच ठरवतात. ही मुदतीची तरतूद पाचव्या घटनादुरुस्तीने १९५५ साली आली, म्हणजे पुनर्रचनेच्या ऐन तोंडावर.

अमेरिकेत याच्या उलटे आहे. तेथे १८६०-६१ साली दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली, १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले, आणि १८६९ साली टेक्सासच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संघही अभंग आणि त्यातली राज्येही अभंग. राज्याने बाहेर पडायचे नाही, पण त्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडाही तोडायचा नाही. आपल्याकडे फक्त पहिला अर्धा भाग घेतला. देश अभंग, राज्ये मात्र पाटीवर लिहिलेली, पुसता येतील अशी.

यावर न्यायालयात कोणी गेले नाही असे नाही, आणि ते प्रकरण आपल्याच भागाशी जोडलेले आहे. १९५६ च्या विधेयकात मुंबई केंद्रशासित, महाराष्ट्र वेगळा आणि गुजरात वेगळा, अशी तीन भागांची योजना होती. मुंबई राज्याच्या विधानसभेचे मत त्या योजनेवर घेतले गेले. मग संसदेत बेत बदलला आणि विदर्भासह एकच मोठे द्विभाषिक मुंबई राज्य केले. बाबुलाल पराते यांनी आक्षेप घेतला की बदललेल्या योजनेवर कोणाचे मत विचारलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी निकाल दिला : एकदा विचारले ते पुरे, प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारायला नको. राज्य म्हणजे तेथील जनताही, तिलाही विचारा, हे म्हणणेही टिकले नाही. १९६२ साली पश्चिम बंगालच्या कोळशाच्या जमिनींचे प्रकरण आले, त्यात न्यायालयाने बहुमताने सांगितले की राज्ये सार्वभौम नाहीत, केंद्र राज्याची मालमत्ताही संपादन करू शकते. न्यायमूर्ती सुब्बा राव तेवढे वेगळ्या मताचे निघाले.

तेव्हापासून हेच चालू आहे. तेलंगणाचे विधेयक आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळले, तरी २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाले. उत्तर प्रदेशच्या विधानसभेने नोव्हेंबर २०११ मध्ये स्वतःहून चार तुकड्यांचा ठराव केला, तर काहीच झाले नाही. म्हणजे राज्याने नको म्हटले तरी तुटते आणि हो म्हटले तरी तुटत नाही. २०१९ साली जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हा तेथे विधानसभाच अस्तित्वात नव्हती. बेळगावसाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून लोंबकळतो आहे. एवढ्या मोठ्या राज्याची ही गत, तेथे पांढुर्णा-सौंसरच्या ठरावाला कोण विचारतो, हे त्या तरुण मित्राने मनावर घ्यावे.

आता आपल्याला बोचणारी गोष्ट. राज्य पुनर्रचना आयोगात फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर होते. ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात त्यांनी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. ते झाले नाही, तो भाग वेगळा. पण मोजणीचा घटक साधारणपणे जिल्हा धरला. आपली जुनी सौंसर तहसील (पांढुर्णा तेव्हा तिच्यातच) होती छिंदवाडा जिल्ह्यात, आणि घाटावरचा सगळा छिंदवाडा हिंदी-गोंडी बोलणारा. जिल्ह्याच्या बेरजेत आपली मराठी बुडाली.

जिल्हा फोडताच येत नव्हता म्हणावे तर तसेही नाही. त्याच १९५६ च्या कायद्याने बेळगाव जिल्ह्यातली चंदगड तहसील मुंबई राज्यात ठेवली. आदिलाबादच्या किनवट आणि राजुरा तहसिली इकडे आणल्या. बिदरमधून अहमदपूर, निलंगा, उदगीर काढून घेतले. दक्षिणेत त्रावणकोरच्या चार तमिळ तहसिली मद्रासला दिल्या, तोच आजचा कन्याकुमारी. सर्वांसाठी तहसील मोजली, आपल्यासाठी जिल्हा मोजला. यात कोणाचे कारस्थान होते असे आम्ही म्हणत नाही. आपल्यासाठी दिल्लीत जोर लावणारे पुरेसे कोणी नव्हते, एवढेच दिसते. आजही विदर्भाचा नकाशा छापला जातो तो अकरा जिल्ह्यांचा. तो जाम नदीच्या अलीकडे येतच नाही. पलीकडचे विदर्भवादी नेते आपल्याकडे संत्र्याच्या बागेतला हुरडा खायला येतात, नकाशात घ्यायला विसरतात.

याची किंमत भावनेपुरती नाही. पांढुर्ण्याच्या मुलाला शंभर किलोमीटरच्या आतले नागपूर प्रवेशाच्या वेळी परराज्य, आणि अडीचशेच्या पुढचे भोपाळ घरचे. जातीच्या दाखल्याचे तर विचारू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले की अनुसूचित जाती-जमातीचा लाभ ज्या त्या राज्यापुरता. आपल्या भागातल्या हलबा जमातीच्या एका नोकरदाराचे प्रकरण असेच महाराष्ट्रात अडले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुनर्रचनेमुळे दोन्हीकडे विभागल्या गेलेल्या जमातीचा प्रश्न वेगळा तपासावा लागेल असे म्हणून न्यायालयाने ते फेरविचाराला पाठवले. एका माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले ते आजोबांच्या काळात ओढलेल्या रेघेपायी. आमच्या घरच्या एका वडिलांनी एका कार्यालयात मराठीत अर्ज दिला होता, तो ‘हिंदी में लाइए’ म्हणून परत आला. वडील म्हणाले, याच मजकुराचा अर्ज माझ्या बापाने इंग्रजाला मराठीत दिला होता आणि त्याने घेतला होता.

मग मागायचे काय? पलीकडे गेलो म्हणजे सुटलो, असे आम्हाला वाटत नाही. १९५३ चा नागपूर करार, अनुशेष, कास्तकारांच्या आत्महत्या, हे सर्व पलीकडच्यांनीच आपल्याला सांगितले आहे. आणि हद्द हलवणे आपल्या हाती नाही, हे वर आलेच. पण ज्या दिल्लीने रेघ ओढली तिनेच त्या वर्षी रेघेच्या चुकीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी काही लिहून ठेवले, हे आपण सोयीस्कर विसरलो.

सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला : अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून राज्याने झटावे, आणि राष्ट्रपती राज्याला तसे निर्देश देऊ शकतात. अनुच्छेद ३४७ आधीपासून आहेच. लोकसंख्येच्या मोठ्या भागाची इच्छा असेल तर एखाद्या भाषेला राज्याच्या काही भागात अधिकृत मान्यता द्या, असे राष्ट्रपती सांगू शकतात. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात तर असे होते की जिल्ह्यात सत्तर टक्के लोक राज्यातल्या अल्पसंख्य भाषेचे असतील तर जिल्ह्याची कामकाजाची भाषा तीच असावी. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत साठ टक्क्यांवर अतिरिक्त अधिकृत भाषेची गोष्ट झाली. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे तर १९४९ पासूनचे. ही आश्वासने आहेत, कायदा नाही, हे आम्ही जाणतो. पण ती कधी लागू का झाली नाहीत? कारण ‘जिल्हा’ म्हटले की छिंदवाडा मोजला जाई आणि आपण पुन्हा बुडत असू.

ते आता संपले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा करण्याचा अधिकार तेवढा राज्याकडे असतो, आणि भोपाळने तो वापरला. कारणे निवडणुकीची असतील; असोत. सदुसष्ट वर्षांनी का होईना, सरकारी रेघ घाटाच्या कडेने गेली. हाच जिल्हा १९५५ मध्ये असता तर आयोगाच्या यादीत आठाऐवजी नऊ नावे असण्याचा संभव होता, असे आम्हाला वाटते.

आणि आता येते जनगणना. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. जिल्हा म्हणून पांढुर्ण्याची भाषा पहिल्यांदाच मोजली जाईल. मातृभाषेचा रकाना आणि इतर येत असलेल्या भाषांचा रकाना वेगवेगळा असतो. आपल्या घरात काय होते? प्रगणक हिंदीत विचारतो, आपण हिंदीत उत्तर देतो, आणि तो मातृभाषा ‘हिंदी’ टाकून पुढच्या घरी जातो. साठ टक्के भरतात की नाही हे त्या एका क्षणावर ठरायचे आहे. ज्याची गोंडी आहे त्याने गोंडीच सांगावी, हिंदी आहे त्याने हिंदी; कोणावर दडपण आणायचे नाही, हा मुलूख आधी गोंडांचा आहे. पण जी मराठी आपण चुलीपाशी बोलतो ती कागदावर तरी यावी.

गोटमारीच्या दिवशी किती तरी वर्षे प्रशासन प्रतिबंधक आदेश काढत आले आणि पांढुर्णा-सावरगावच्या मधल्या जाम नदीत दगड पडतच राहिले. म्हणजे हुकूम न जुमानण्याची आपल्याला सवय आहे. अर्ज भरण्याची मात्र नाही.

तर मंडळाने ठरवले आहे की पोळ्यापूर्वी प्रत्येक गावात एक बैठक घ्यायची आणि जनगणनेचे रकाने समजावून सांगायचे. त्याबरोबरच प्रत्येक शाळेत मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलांची यादी पालकांच्या सहीने करायची. यादीत चाळीस नावे भरली की मागणीचा एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल आणि त्याची प्रत केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे. अर्ज हिंदी आणि मराठी दोन्हीत असेल, म्हणजे परत येण्याचे निमित्त उरणार नाही. ज्यांना आपल्या गावची जबाबदारी घ्यायची आहे त्यांनी चहाच्या वेळी सचिवांकडे नाव द्यावे. मागच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी.