संमतीपत्रावरची सही: आरोग्य, शाळा आणि डिजिटल ओळख

आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून सुरू झाले. क्रमांक घेणे ऐच्छिक होते. पुढे रेशन, गॅसचे अनुदान, शिष्यवृत्ती अशी एकेक गोष्ट त्याला जोडली गेली आणि कागदावर ऐच्छिक असलेला क्रमांक खिडकीपाशी सक्तीचा झाला. डिजिटल ओळखीविषयीच्या अविश्वासाचे मूळ या अनुभवात आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आधार कायद्यावरचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने लागला. कायदा टिकला, पण शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि क्रमांक नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले.

आता शाळेत ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक आला आहे. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिका, प्रमाणपत्रे आणि श्रेयांक जन्मभर एका खात्यात ठेवण्याची ही योजना आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. प्रत्यक्षात शाळांना उद्दिष्टे मिळतात, आढावे होतात आणि संमतीपत्र इतर फॉर्मांच्या गठ्ठ्यात घरी येते. नकार देता येतो हे पालकाला सांगण्याची सवड कोणालाच नसते. महाराष्ट्रात या दबावाला आणखी एक कारण आहे. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता आधार-वैध पटाशी जोडली गेली. बोगस पटनोंदणी रोखण्याचा हेतू रास्तच होता, पण वर्गात रोज बसणारे मूल आधार जुळत नसल्यामुळे हिशेबाबाहेर राहू लागले आणि शिक्षकाचे पद मुलाच्या आधारवर अवलंबून राहिले. अशा वेळी संमती मागणारा माणूस तटस्थ कसा राहील?

नावांचा घोळ वेगळाच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे ते नाहीच. इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. संगणकाला ही दोन वेगळी मुले वाटतात. चूक यंत्रणेतली असली, तरी रोज बुडवून आधार केंद्रावर खेटे घालतो तो पालक. मुलाच्या बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, म्हणजे ही फेरी एकदाच करून भागत नाही.

आरोग्यात भीती अधिक खोल आहे, कारण तेथे गुप्तता हाच उपचाराचा पाया असतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकही ऐच्छिक आहे. मात्र कोविड लसीकरणात आधार दाखवलेल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक स्पष्ट न विचारताच तयार झाला. तो त्यांना थेट प्रमाणपत्रावर दिसला. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. एचआयव्ही किंवा क्षयाच्या रुग्णाला, गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीला, मनोविकारावर औषधे घेणाऱ्या तरुणाला अशी बातमी नुसती बातमी राहत नाही. पासवर्ड बदलता येतो. निदान आणि बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

या क्रमांकांचे फायदे खरे आहेत. ऊसतोडणीसाठी जिल्हा बदलणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचा शाळेचा दाखला आणि लसीकरणाची नोंद त्याच्यासोबत गेली, तर त्याचे वर्ष वाचेल. पण त्याच कुटुंबाची कोयत्याने घासलेली बोटे यंत्र ओळखत नाही, म्हणून पर्यायी मार्ग नियमातच नव्हे, खिडकीवरही उघडा हवा.

बाहेर पडण्याची सोय हा तर कळीचा मुद्दा. २०१९च्या दुरुस्तीनुसार, लहानपणी आधार मिळालेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. ही मुदत शाळांनी मुलांना सांगायला हवी. ‘अपार’ची संमतीही मागे घेता येते, मात्र तोवर वापरली गेलेली माहिती त्यामुळे परत येत नाही.