देवरुखच्या पार्वतीबाई



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आम्ही शेजारच्या संगमेश्वर तालुक्यांतील एका शिक्षिकेचें स्मरण करूं इच्छितों. देवरुखच्या जोशी घराण्यांत १८७० सालीं जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले आपल्या धर्माच्या नव्हत्या. परंतु विद्यादानाचें व्रत त्यांनीं जन्मभर पाळलें.

ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. पदरीं लहान मुलगा. केशवपन करून घराच्या कोपऱ्यांत आयुष्य कंठावें, हीच त्या काळची वाट. पण थोरली बहीण बाया ही धोंडो केशव कर्वे यांची पत्नी. तिच्या आधारानें त्या पुण्यास आल्या. ज्या वयांत मुलाकडून धुळाक्षरें गिरवून घ्यावयाचीं, त्या वयांत त्यांनीं स्वतः पाटी हातीं घेतली. पुढें हिंगण्याच्या आश्रमांत त्या शिकवूं लागल्या आणि तेथील मुलींच्या आईच झाल्या. केशवपनाची रूढी त्यांनीं पुष्कळ वर्षें पाळली. सोडली ती स्वतः विचार करून, लोकनिंदा सोसून.

१९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्रजी नीट येत नसतांना त्या अमेरिकेस गेल्या. परक्यांच्या घरीं घरकाम करून पोट भरलें व संस्थेसाठीं निधि जमविला. देणगी मागण्याची संवय आम्हां धर्मगुरूंनाही आहे. पण त्यासाठीं भांडीं घासावयास आमच्यापैकीं कितीजण तयार होतील?

१९५५ सालीं त्या निवर्तल्या. त्यांचें ‘माझी कहाणी’ हें आत्मचरित्र आहे. ज्या भगिनी शाळेंत शिकवून घरीं नातवंडेंही सांभाळतात, त्यांनीं तें अवश्य मिळवून वाचावें.