उसाचा रस, साखर आणि इथेनॉल



7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने साखर कारखान्यांना आदेश दिला, की या हंगामात उसाचा रस आणि सिरपपासून इथेनॉल करायचे नाही. महाराष्ट्रात गव्हाणीत मोळी पडून तेव्हा महिना उलटला होता. डिस्टिलऱ्या उभ्या राहाव्यात म्हणून 2018 पासून व्याजात सवलत देणारे सरकारच होते. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही त्यानेच 2030 वरून 2025-26 वर आणले होते. आठवडाभरात आदेश सैलावला. रस आणि बी-हेवी मळी मिळून 17 लाख टन साखरेइतक्या वापराला परवानगी मिळाली.

मर्यादा घातली हे चुकले, असे मी म्हणणार नाही. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. अशा वर्षी आधी घरातला साखरेचा डबा, मग गाडीची टाकी, हा क्रम मला मान्य आहे.

यातली मेख मळीत आहे. रसातून परवडेल तेवढी साखर काढून झाल्यावर उरते ती सी-हेवी मळी. तिचे इथेनॉल केले तर साखरेचे एक पोतेही कमी होत नाही. बी-हेवी त्याआधीच बाजूला काढतात, तिच्यात साखर शिल्लक असते. आणि थेट रस वळवला, तर त्या उसाची साखर होतच नाही. म्हणून बंधन रसावर आधी आले, ते बरोबरच होते.

या आदेशात पाण्याचा हिशेब मात्र नव्हता. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या गावांच्या राज्यात मर्यादेचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

आणि वेळ. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, की तो पुढच्या वर्षीच्या हंगामात तुटतो. कारखान्याचे करार, कर्जाचे हप्ते, शेतकऱ्याला चौदा दिवसांत द्यायची एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर), सगळे इथेनॉलच्या पैशावर बेतलेले असते. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे लवकर हाती येतात. ते अर्ध्या हंगामात थांबले, की झळ ऊस घालणाऱ्याच्या बिलापर्यंत जाते. युरोपीय संघाने खाद्यपिकांच्या इंधनावर 7 टक्क्यांची मर्यादा 2015 मध्ये ठरवली, ती 2020 च्या उद्दिष्टासाठी. तिथल्या शेतकऱ्याला आणि कारखानदाराला तयारीला पाच वर्षे मिळाली.

आपल्याकडेही साखरेचा साठा किती खाली गेला की रस बंद, धरणात पाणी किती असेल तर बी-हेवी बंद, हे लागणीआधी लेखी जाहीर करता येईल. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस सरकारने पुढच्या हंगामासाठी बंधन उठवले. तोवर आडसाली लागणी बहुतेक उरकल्या होत्या, आणि पुन्हा बंधन कधी येईल याबद्दल त्या आदेशात एवढेच होते, की वेळोवेळी आढावा घेतला जाईल.