परतीची वाट आणि एंट्रॉपी

अत्तराची कुपी उघडी ठेवली, कीं थोड्याच वेळांत सुवास घरभर दरवळतो. पण दरवळलेला सुवास आपण होऊन पुन्हा कुपींत शिरलेला कोणीं पाहिला आहे काय? हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु यानेंच एकोणिसाव्या शतकांतील पदार्थविज्ञानाला मोठ्या पेंचांत टाकलें.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमान यांनीं १८७२ सालीं रेणूंच्या टकरींचें गणित मांडलें. समतोल ढळलेला वायु पुन्हा समतोलाकडेच जातो, आणि त्या प्रवासांत त्याची एंट्रॉपी, म्हणजे ढोबळ अर्थानें अव्यवस्थेचें माप, वाढत राहते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांचे स्नेही योहान लोश्मिट यांनीं १८७६ सालीं मार्मिक आक्षेप घेतला. गतीचे नियम पुढें व मागें सारखेच लागू पडतात. एखाद्या क्षणीं सर्व रेणूंचे वेग उलटे केले, तर वायु आल्या वाटेनें परत जाईल व एंट्रॉपी घटेल. मग तिची वाढ अटळ कशी?

बोल्ट्झमान यांनीं १८७७ सालीं उत्तर दिलें, तें संभवाच्या गणिताचें. पेटीचे दोन समान भाग कल्पावे. दहा रेणु एकाच वेळीं डाव्या भागांत सांपडण्याचा संभव १,०२४ मध्यें एक. शंभर रेणु घेतले, तर तोच संभव एकावर तीस शून्यें, एवढ्या प्रचंड संख्येंत सुमारें एक! आणि एका घन सेंटिमीटर हवेंत तर सुमारें पंचविसावर अठरा शून्यें इतके रेणु असतात. परतीची वाट बंद नाहीं. ती सांपडणें मात्र दुरापास्त आहे.

त्या काळीं अर्न्स्ट माख यांच्यासारखे थोर विद्वान अणूंचें अस्तित्वच मान्य करीत नव्हते. हा वाद पुरता मिटण्यापूर्वींच, १९०६ सालीं, दुइनो येथें बोल्ट्झमान यांनीं आपली जीवनयात्रा संपविली. व्हिएन्ना येथील त्यांच्या समाधीवर एंट्रॉपीचें सूत्र कोरलेलें आहे.

रेणूंचा पसारा लहान असेल, तर ती दुर्मिळ वाट दिसेल काय? इव्हान्स, कोहेन व मॉरिस यांनीं १९९३ सालीं समतोलापासून दूर असलेल्या पदार्थांसाठीं नवा नियम सुचविला. एंट्रॉपी अमुक प्रमाणांत वाढण्याचा संभव तितकीच घटण्याच्या संभवाहून किती पट अधिक, हें त्यानें सांगतां येतें. पसारा वा काळ वाढला, कीं ती पट झपाट्यानें वाढते. २००२ सालीं कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांनीं पाण्यांतील एक सूक्ष्म मणी लेसर किरणानें धरून ओढला. अत्यल्प काळापुरती एंट्रॉपी खरोखरच घटलेली दिसली. काळ लांबला, तशा अशा घटना विरळ होत गेल्या.

लोश्मिट यांची शंका रास्त होती आणि बोल्ट्झमान यांचें उत्तरही खरें ठरलें. कुपीबाहेरचा सुवास मात्र बाहेरच राहणार!