तापमापक कुठे टांगायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक गट)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘विद्यापीठातील पर्यावरणशास्त्राचे शिक्षण आणि स्त्रिया’ असा भारदस्त विषय छापला आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलंच, “पर्यावरण म्हणजे झाडं लावणं ना? मग त्यात भौतिकशास्त्राचं काय काम? आणि आपल्या संघटनेला त्याचा काय उपयोग?” प्रश्न रास्त आहेत. म्हणून आधी मी काय शिकले ते सांगते, मग त्याचा आपल्या कामाशी संबंध मांडते आणि शेवटी काही गोष्टी सुचवते.

मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं आणि एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचं शिक्षण सर्वांना मिळालं पाहिजे असा निकाल दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. तुमच्यातल्या तरुण मुलींनी तो पेपर दिला असेल, बहुतेकींनी आदल्या रात्री वाचून. एम.एस्सी.चं शिक्षण त्याहून वेगळं. त्यात रसायन असतं, जीवशास्त्र असतं, संख्याशास्त्र असतं, कायदेही असतात, आणि एक भाग पर्यावरणीय भौतिकशास्त्राचा असतो.

हा भाग म्हणजे ऊन, वारा, पाणी आणि उष्णता यांच्या देवघेवीचा हिशेब. रात्री जमीन का निवते, पिकातून किती पाणी उडून जातं, धूर वर चढतो की खाली बसतो, भिंत उष्णता किती वेळ धरून ठेवते, असले प्रश्न. जॉन मॉन्टिथ या शास्त्रज्ञाने १९७३ साली या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते आजही वापरात आहे. त्यातली रीत एकच आहे. पान असो, गाय असो की माणूस, उष्णता किती आली, किती गेली आणि किती शिल्लक राहिली, हे मांडायचं. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला ही रीत शिकवावी लागत नाही.

आमच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त होत्या. पण वर्गात मुली बसल्या म्हणजे विषय मुलींचा झाला, असं होत नाही. उपकरणांच्या खोलीत कामाची वाटणी आपोआप व्हायची. पाना-पक्कड मुलांच्या हातात आणि नोंदवही मुलींच्या हातात, कारण “तुमचं अक्षर चांगलं.” उपकरण उघडायचं, जोडायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे ज्याच्या हातात असतं तोच पुढे त्या विषयाचा जाणकार ठरतो. चोवीस तासांच्या नोंदी घ्यायच्या असत तेव्हा रात्रीची पाळी मुलांना, कारण वसतिगृहाचं दार मुलींसाठी लवकर बंद व्हायचं. जमीन रात्री कशी निवते हे आम्ही मुलांच्या वहीतून उतरवून घेत होतो. शेवटी आम्ही अकराजणींनी सही करून अर्ज दिला. तीन महिने हेलपाटे घातल्यावर एक बाई कर्मचारी सोबत देऊन आम्हाला रात्रीची पाळी मिळाली. ही मागणी आम्हाला वर्गात कुणी शिकवली नव्हती, ती तुमच्यासारख्यांच्या सभांतून आम्ही शिकलो होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आम्हाला पहिल्याच महिन्यात वेधशाळेची पांढरी लाकडी पेटी दाखवली. तिला झडपा असतात, आत तापमापक असतो. पेटी उघड्या मैदानात, शक्यतो गवतावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. आतल्या तापमापकावर ऊन पडू द्यायचं नाही, वारा मात्र खेळता हवा. जगभर असंच मोजायचं ठरलं आहे आणि त्याला चांगलं कारण आहे. सगळीकडे एकाच रीतीने मोजलं तरच नागपूरची रत्नागिरीशी आणि यंदाची मागच्या वर्षाशी तुलना करता येते. पण वर्तमानपत्रात येणारं तापमान हे त्या पेटीतल्या सावलीचं तापमान असतं, हे ध्यानात ठेवा. उन्हात निंदणाऱ्या बाईचं, पत्र्याखाली विड्या वळणारीचं किंवा चुलीपुढे बसलेलीचं ते तापमान नसतं. तिथे पेटी ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट दमटपणाची. आपलं शरीर ही एक लहानशी शेगडीच आहे. नुसतं बसलेलं माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, कष्टाच्या कामात ती तिप्पट-चौपट होते. बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असली की ही उष्णता टाकायला एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ताशी अर्धा लिटर घाम वाळला तर ३३० वॅटची सोय झाली. पण हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेल्या घामाने अंग निवत नाही.

म्हणून तापमापकाच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळून मोजतात. त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हे ३५ अंशांवर गेलं तर निरोगी माणूसही सावलीत बसून काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असं २०१० साली शास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं. २०२२ साली अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा दमट हवेतली मर्यादा त्याहूनही खाली, ३१ अंशांच्या आसपास निघाली. आता हिशेब पाहा. ४० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचं तापमान सुमारे ३१ येतं. ३४ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तरीही ते सुमारे ३१च येतं. म्हणजे कोकणातल्या एखाद्या कोंदट दिवशी ३४ अंशांत शरीरावर पडणारा ताण ४० अंशांच्या तोडीचा असू शकतो. पण किनारपट्टीवर उष्णतेची लाट ठरायला तापमान किमान ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात मोठा सरकारी सोहळा झाला. उष्माघाताने १४ माणसं दगावली आणि त्यांत बायका जास्त होत्या. त्या दिवशी नोंदलेलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, म्हणजे चाळिशीच्याही खाली.

आणि इथेच पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट येते. ताशी अर्धा लिटर म्हणजे आठ तासांच्या कामाला चार लिटर पाणी घामावाटे जातं. तेवढं पाणी प्यायला तरी हवं. पण मजुरीवर जाणारी बाई पाणी पीत नाही, कारण लघवीला जायला आडोसा नाही. हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे आणि पाळीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. पाणी न पिणाऱ्या शरीराला घाम पुरत नाही आणि घाम नाही तर उष्णतेला वाट नाही. म्हणजे कामाच्या जागी संडास-मुतारी मागणं ही उष्माघात टाळण्याचीच मागणी झाली. आजवर आपण ती लाजेची आणि सोयीची बाब म्हणून मांडत आलो. यापुढे हा चार लिटरचा हिशेब निवेदनाला जोडा.

तिसरी गोष्ट पत्र्याची. प्रत्येक तापलेली वस्तू उष्णता फेकत असते. जुना, गंजलेला पत्रा ६० अंशांपर्यंत तापला तर चौरस मीटरमागे ६०० वॅटच्या वर उष्णता खाली फेकतो. घरात हवेचं तापमान तेवढंच असलं तरी डोक्यावरची ही शेगडी वेगळी मोजावी लागते. घरखेप काम करणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो, पण त्याला कारखाना कायदा लागू नाही आणि तिथे तपासनीसही येत नाही. उपाय मात्र खर्चिक नाही. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग दिला की ऊन बरंचसं परत फिरतं. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या बायकांबरोबर हे काम केलं आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला, त्यानंतर अनेक शहरांनी ते उचललं. आपल्या गावच्या आराखड्यात घरखेप कामगार बायका आहेत का, हे विचारायला हवं.

चौथी गोष्ट धुराची. हवेतल्या अतिबारीक कणांसाठी आपल्या देशाची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५ आहे. ही सरासरी काय करते पाहा. समजा, स्वयंपाकाच्या तीन तासांत हे प्रमाण ५०० आहे आणि उरलेल्या एकवीस तासांत ३०. तर सरासरी येते ८९. कागदावर ‘मर्यादेपेक्षा थोडं जास्त’. पण ते तीन तास चुलीपुढे कोण बसलं होतं? आणि मोजणारं यंत्र तर बहुधा रस्त्याकडेला किंवा एखाद्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर असतं. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजणारी उपकरणं बांधली. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. चुलीचा धूर हा हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न आहे हे जगाला दिसलं, कारण उपकरण बाईच्या नाकाजवळ नेलं गेलं. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००२ साली बंद झाला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आला. पण भरलेला सिलिंडर परवडतो का आणि चूल खरोखर विझली का, हे जोडण्यांची संख्या मोजून कळत नाही.

भोपाळचं उदाहरण तर आम्हाला वर्गातच दिलं गेलं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे झाकण बसल्यासारखं होतं आणि वायू वर जात नाही. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हेच झालं. तो वायूही हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड होता. हे सगळं फळ्यावर आलं. पण डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल यांनी १९८५ साली तिथल्या वस्त्यांतल्या बायका तपासून स्त्रीरोगांचं वाढलेलं प्रमाण उजेडात आणलं, हे फळ्यावर आलं नाही. ते मला एका स्त्री संघटनेच्या पुस्तिकेतून कळलं.

या विषयात बायका नव्हत्या असं कुणी म्हटलं तर दोन नावं सांगा. कार्बन डाय-ऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापते, हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ साली दाखवलं. त्यांचा निबंध सभेत एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला आणि पुढे दीडशे वर्षं त्या विस्मरणात गेल्या. दुसऱ्या आपल्या अण्णा मणी. बंगलोरला रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं, प्रबंध सादर केला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. हवामानाची सुमारे शंभर उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी आराखडे प्रमाणित करून घेतले, आणि ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशभर उभं केलं. सौर ऊर्जेचं काम त्यांच्या आकड्यांवर उभं राहिलं. पाना-पक्कड बाईच्या हातात आली की काय होतं, ते यातून दिसतं.

एक सावधगिरीही सांगते. बाईने सांगितलेलं दुखणं आकडा आल्याशिवाय खरं मानायचं नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. चुलीने डोळे जळतात हे सांगायला यंत्र लागत नाही. पण आपण कचेरीत जातो तेव्हा समोरचा माणूस आकडा पुढे करतो आणि आपण गप्प होतो. तो आकडा तपासता आला पाहिजे. म्हणून कुठलाही अहवाल हाती आला की चार प्रश्न विचारा. कुठे मोजलं? कोणत्या वेळी मोजलं? सरासरी किती तासांची काढली? आणि त्या वेळी त्या जागी कोण होतं?

आता सूचना. एक, वस्तीतली मुलगी बारावीला विज्ञान घेऊ म्हणाली आणि घरचे “गणित तिला झेपणार नाही” म्हणाले, तर आपण तिच्या घरी जाऊन बसायचं. पर्यावरणशास्त्राला जाणाऱ्या मुलीला भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र सोडू नकोस असं सांगायचं. दोन, ज्या गावात विद्यापीठ किंवा महाविद्यालय आहे तिथल्या विभागाकडे आपले प्रश्न प्रकल्प म्हणून न्यायचे. विद्यार्थ्यांना विषय हवेच असतात. मात्र आकडे वस्तीत परत आले पाहिजेत, मराठीत, ही अट घालायची. तीन, आपण स्वतः मोजायला लागायचं. दोन साधे अल्कोहोलचे तापमापक, मलमलची चिंधी, वाटीभर पाणी आणि एक वही एवढं सामान पुरतं. एक फुगा कोरडा ठेवायचा, दुसऱ्यावर ओली चिंधी गुंडाळायची, पंख्याने वारा घालायचा आणि ओल्या फुग्याचा आकडा स्थिरावला की दोन्ही लिहून घ्यायचे. एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी तीन वाजता, बायका काम करतात तिथेच.

दोन तापमापक मी सोबत आणले आहेत. जेवणानंतर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगू. ज्यांना आजवर “हे तुझं काम नाही” असं सांगितलं गेलं त्यांनी आधी पुढे यावं.